मिरचीचा दुसरा भाग

एकशेबाराव्या पानावर गाढविणीनं वृक्षारोपण केलं, तेव्हा मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे देवा, हिला कुणीतरी सुधारलं!"

घरात दुसरं कुणी नव्हतं. पण मी काम करताना मोठ्यानंच बोलते. मी संपादक आहे. धाराशिवला घरी बसून पुण्याच्या एका प्रकाशकाचं काम करते. संपादक म्हणजे शुद्धलेखन तपासणारी बाई, असा आमच्या गल्लीत पक्का समज आहे. ते काम मुद्रितशोधकाचं. तो वेलांट्या बघतो. मी पुस्तकाची नाडी बघते. मुलांचं पुस्तक असलं की अख्खं हस्तलिखित मोठ्यानं वाचते, प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढून. शेजारच्या काकूंना सुरुवातीला वाटायचं, आमच्याकडं रोज भांडणं होतात. आता त्या खिडकी उघडून विचारतात, "आज राक्षस हाय का गं?"

त्या दिवशी गाढव होतं. म्हणजे गाढवीण. तिचं नाव मिरची.

मिरचीची गोष्ट आधी सांगायला हवी. सास्तूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत रशीद सर म्हणून शिक्षक आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी 'पळाली मिरची' नावाची मुलांची कादंबरी लिहिली. वीटभट्टीवरची एक गाढवीण आणि भट्टीवरच राहणारी सगुणा नावाची मुलगी. मिरची कुणाचं ऐकत नाही. भरल्या ओझ्यासकट ओढ्यात बसते. सरपंचांचं जाकीट खाते. शेवटी भट्टी बंद पडते, मालक मिरचीला बाजारात विकायला नेतो आणि ती तिथून दावं तोडून पसार होते. सगुणा घरी येते, अंगणाचं फाटक उघडं ठेवते आणि झोपते. संपलं पुस्तक.

त्याचं जे कौतुक झालं, विचारू नका. पुरस्कार मिळाले, आवृत्त्या निघाल्या, मोठमोठ्या समीक्षकांनी गाढवावर लेख लिहिले. मुलांनी मात्र एकच प्रश्न विचारला. मिरची परत आली का?

म्हणून दुसरा भाग. तो माझ्या टेबलावर होता आणि त्यात मिरची परत आली होती. नुसती आली नव्हती, शहाणी होऊन आली होती. पहिल्या प्रकरणात ती कचरा वेचून पेटीत टाकते. तिसऱ्यात मुलांच्या हातातले मोबाइल हिसकावते. पाचव्यात ठिबक सिंचनाचं महत्त्व पटवते. कसं पटवते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मिरचीचा आवाज काढायला गेले तर माझ्या तोंडून आकाशवाणीवरच्या शेतीविषयक कार्यक्रमाचा निवेदक निघाला.

खिडकीतून काकू म्हणाल्या, "आज कुणाचं भाषण हाय?"

मी पुण्याला फोन लावला. आमचे प्रकाशक मकरंदराव माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत आणि माझ्यापेक्षा दहापट घाईत असतात.

"मॅडम, मॅटर प्रेसला कधी?"

"मकरंदराव, गाढव बिघडलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे सुधारलंय."

ते म्हणाले, "मी चाळलं. मला तर बरं वाटलं. संदेश आहेत. शाळांना असंच लागतं. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तक बाजारात हवं. पहिल्याच्या जोरावर जाईल."

"एकदा जाईल. मग दोन्ही जातील."

"तुम्ही फार नाटकी बोलता."

"तुम्ही मला त्याच्यासाठीच ठेवलंय. आठ दिवस द्या. मी सास्तूरला जाऊन येते."

आमच्या धंद्यात गाजलेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाला सगळेच घाबरतात. का, ते सांगते. बहुतेक दुसरे भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत. तीच गंमत, तेच विनोद, फक्त गाव बदललेलं. दुसरी जात इस्त्री केलेल्या पुस्तकांची. पहिला भाग अंगणात खेळताना सापडलेला असतो. दुसऱ्याला माहीत असतं की लोक बघताहेत, म्हणून तो भांग पाडून, पावडर लावून येतो. तिसरी जात दुर्मिळ. त्यात पहिल्या भागातली माणसं नव्या अडचणीत सापडतात आणि लेखकालाही ठाऊक नसतं की ती कशी सुटणार. असे दुसरे भाग पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात. मी माझ्या नोकरीत असे फार थोडे बघितलेत. पण बघितलेत, म्हणून तर गाडी काढली.

सास्तूरला त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधलेल्या सरळ ओळींतल्या घरांमध्ये रशीद सरांचं घर आहे. दारात जुनी मोटरसायकल, आत हॉलभर सत्काराच्या ट्रॉफ्या. शाली इतक्या की शमीमभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यातल्या दोन शालींचे पडदे शिवले होते.

"या मॅडम," सर म्हणाले. "कसं वाटलं?"

मी चहा येईपर्यंत दम धरला. मग विचारलं, "सर, मिरची पहिल्या भागात सरपंचांचं जाकीट का खाते?"

"का म्हंजे? तिला आवडलं म्हणून."

"आणि दुसऱ्या भागात झाडं का लावते?"

भाभी दारातून म्हणाल्या, "म्या बी हेच इचारलं. म्हणलं, गाढवाला खड्डा काढता येतो व्हय? तर माझ्यावरच चिडले."

"शमीम, तू आत जा."

"आत हायेच मी. किचन इथंच हाय."

मी म्हणाले, "सर, खरं सांगा. हे तुमचं नाही. कुणाचं आहे?"

तेव्हा ते बोलले. आणि मी सांगते, पंचवीस वर्षं हस्तलिखितं वाचतेय, असं कारण मी पहिल्यांदा ऐकलं.

पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांचे सत्कार सुरू झाले. आपल्याकडं कुणाचं काही चांगलं झालं की गाव त्याला मोकळं सोडत नाही. फेटा, शाल, श्रीफळ आणि भाषणं. सत्काराच्या भाषणाचा एक ठरलेला साचा असतो. आधी कौतुक, मग सूचना. लोहाऱ्यातले एक डॉक्टर म्हणाले, "पुढच्या भागात सरांनी स्वच्छतेवर लिहावं." पतसंस्थेचे चेअरमन म्हणाले, "ठिबकवर." एका ताईंनी मोबाइलचं व्यसन आणि वृक्षारोपण असे दोन विषय सुचवले. जळकोटचे माने गुरुजी म्हणाले, "मिरचीला वळण लागावं." आणि प्रत्येक वेळी, खुर्चीत फेटा सावरत बसलेल्या रशीद सरांनी मान हलवली.

"मान हलवली म्हंजे शब्द दिला मॅडम," ते म्हणाले. "चारशे माणसांसमोर. त्यांची शाल अंगावर घेऊन. आता कसं फिरायचं?"

"म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या सूचना घातल्या?"

"एक बी सोडली न्हाय."

मला हसू आवरेना. त्यांना मात्र ते आवडलं नाही. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "तुमाला हसू येतंय. माझं काय होतंय बघा. पहिलं पुस्तक आलं तवा आमच्या शाळांच्या केंद्रातला एक शिक्षक म्हणला, 'मास्तराला लागली लॉटरी.' तवापासून ते डोक्यात बसलंय. दुसरं पडलं तर लोक म्हणणार, पहिलं चुकून झालं. आणि मला बी तसंच वाटणार. मग म्या पुन्हा लिहिणार न्हाय. म्हणून म्हणलं, एवढे शहाणे लोक सांगतेत, त्यांचं ऐकावं. निदान चुकणार तरी न्हाय."

मी हसायची थांबले. प्रश्न आता पुस्तकाचा राहिला नव्हता. चांगला लिहिणारा माणूस एका वाईट पुस्तकाच्या भीतीनं ते वाईट पुस्तक स्वतःच लिहून बसला होता, आणि ते छापलं की लिहिणं सोडणार होता.

"हे सगळं काढून टाका" असं मी त्यांना सांगू शकले असते. संपादकाला तेवढा अधिकार असतो. पण शब्द मोडला ही बोच घेऊन त्यांनी काय लिहिलं असतं? म्हणून मी म्हणाले, "सर, शब्द दिलाय ना? मग ज्याचा शब्द त्याच्याकडून सोडवून घेऊ. चला, बसा गाडीत."

"आत्ता?"

भाभींनी आतून त्यांची चप्पलच आणून ठेवली.

लोहाऱ्याला डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी होती. त्यांनी दोन पेशंटच्या मध्ये आम्हाला आत घेतलं. रशीद सर हात जोडून उभे. "साहेब, तुम्ही माझ्या सत्काराला स्वच्छतेचं सांगितलं होतं. त्याबद्दल जरा..."

"मी?" डॉक्टर म्हणाले. "कुठं?"

"आमच्या सत्काराला. पुस्तकाच्या."

"असंल. मी सगळीकडं स्वच्छतेचंच बोलतो हो. लग्नातसुद्धा. पुस्तक कशावर आहे तुमचं?"

"गाढवावर."

"वा! गाढव स्वच्छच असतं तसं." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "त्यांच्यासाठी म्या अख्खं प्रकरण लिहिलं."

चेअरमनसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ठिबक? मी तर त्या दिवशी तुषार सिंचनाचं बोललो असंल, त्या वेळी आमच्याकडं तुषारची स्कीम होती." मोबाइलवाल्या ताईंचा फोन सारखा एंगेज लागला.

राहिले माने गुरुजी. ते वेगळं प्रकरण होतं. रशीद सर त्यांच्या हाताखाली शिकलेले. "ते इसरले नसणार," सर म्हणाले. "त्यांनी मला सातवीत दिलेला गृहपाठ बी त्यांना याद आसंल."

जळकोटला गुरुजी हायवेपासून जरा आत राहतात. ऐंशीच्या घरातले, पांढरंशुभ्र धोतर, कान तिखट. आम्ही गेलो तेव्हा ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते.

"ये रशीद. ह्या बाई कोण?"

"ह्या संपादक. पुण्याच्या प्रकाशकांच्या."

"म्हणजे तुझं लिखाण कापणाऱ्या."

"अजून कापलेलं नाही, गुरुजी," मी म्हणाले.

रशीद सरांनी अंग चोरून, थोडं अडखळत सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, मिरचीला वळण लागावं. मी मान हलवली. लावलं वळण. पण मॅडम म्हणतात, गोष्ट मेली.

गुरुजींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी म्हणालो होतो. मला चांगलं आठवतंय."

सरांचा चेहरा पडला. माझाही पडला असणार.

"पण रशीद," गुरुजी म्हणाले, "तू सातवीतनं पुढं गेला का न्हाय? अरे, स्टेजवर माईक हातात दिला की माणसाला काहीतरी सुचवावंच लागतं. नुसतं 'पुस्तक आवडलं' म्हणून खाली बसलं तर लोक म्हणतील, ह्यांना कशाला बोलावलं? मी शिक्षक. मला वळणाशिवाय दुसरं काय सुचणार? पण मी पुस्तक तीनदा वाचलं. ते जाकीट खाती ना, त्या पानावर मी एकटा हसत होतो इथं बसून. सुनेला वाटलं, मला काहीतरी झालं." मग ते पुढं झुकले, शेंगा बाजूला सारल्या आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "ते सगळं ऱ्हाऊ दे. मला एवढं सांग. मिरची गेली कुठं?"

मला आमच्या कामातलं एवढं कळतं की लेखकाला असा प्रश्न विचारला गेला की संपादकानं तोंड बंद ठेवावं. मी शेंगा सोलायला घेतल्या.

"कर्नाटकात," रशीद सर म्हणाले.

"हां?"

"बाजारातनं सुटली ती आळंदच्या रस्त्यानं गेली. तिथं एक पोरगं हाय, बसू नावाचं. बाप दगडखाणीवर. त्याला ती ओढ्यात बसलेली सापडली."

"बसलेली!" गुरुजी खूश झाले. "बसणारच."

"त्यानं तिला घरी नेलं. त्याला काय माहीत हिचं नाव मिरची? त्यानं नाव ठेवलं बेल्ल. कन्नडात बेल्ल म्हंजे गूळ."

"गूळ!" गुरुजी मांडीवर थाप मारून हसले.

"आणि गुरुजी, त्याच्याकडं ती ऐकती. ओझं नेती. जाकीट खात न्हाय. इकडं सगुणा वर्षभर शोधती. एक दिवस तिला कळतं. बापासंगं ती तिथं जाती. दारात मिरची उभी. संगं एक शिंगरू. आणि मधी हा बसू. हिला कन्नड येत न्हाय, त्याला मराठी येत न्हाय. ही म्हणती मिरची, तो म्हणतो बेल्ल. दोघं बी रडतेत आणि दोघं बी दावं सोडीनात."

"मग? गाढवीण कुणाची?"

"तेच तर मला माहीत न्हाय, गुरुजी. दोन वर्षं झाली, माहीत न्हाय. म्हणून लिहिलं न्हाय."

माझ्या हातातून शेंगांचं ताट पडलं. खरं सांगायचं तर पाडलं. असल्या क्षणाला काहीतरी वाजायलाच हवं.

"सर!" मी म्हणाले. "हे डोक्यात असताना तुम्ही ठिबक लिहीत बसलात?"

"पुरस्कारानंतर काहीतरी उपयोगाचं लिहावं, असं वाटलं."

"मला उपयोग झाला की आत्ता," गुरुजी म्हणाले. "सकाळपासून गुडघा दुखत होता, पाच मिन्टं इसरलो. जा, लिही. आणि लवकर लिही. मला काय लई वेळ न्हाय." हे ते हसत म्हणाले, पण सरांनी वाकून पाय धरले तेव्हा त्यांनी सरांच्या डोक्यावर हात जरा जास्तच वेळ ठेवला.

परत येताना सर एकदम मोकळे झाले होते. लोहाऱ्याच्या अलीकडं ते एकटेच हसायला लागले.

"काय झालं?"

"मॅडम, शब्द बी पाळता येतो. बघा. मिरची सापडली ही बातमी पेपरात येती. मग गाव गप्प बसतंय व्हय? गाव तिचा सत्कार करणार. गाढविणीला फेटा. स्टेजवर उभी. एक म्हणणार, मिरचीनं स्वच्छता पाळावी. दुसरा म्हणणार, ठिबकवर काम करावं. तिसरा, मोबाइल. सगळ्यांच्या सूचना जशाच्या तशा. एक बी गाळणार न्हाय."

"आणि मिरची?"

"मिरची मान हलवती. कारण हार खाती हाय."

मी गाडी बाजूला घेतली. इतकं हसत गाडी चालवणं कायद्यात बसत नाही.

मग मकरंदरावांशी व्हायची ती खडाजंगी झाली.

"मॅडम, म्हणजे अख्खं पुस्तक नवं?"

"एक प्रकरण ठेवलंय त्यातलं. म्हणजे पाच प्रकरणांचं एक केलंय."

"दिवाळी गेली की हो!"

"उन्हाळ्याची सुट्टी मोठी असते."

"आणि संदेश? शाळा घेतील का?"

"मुलं घेतील."

"मुलांकडं खरेदीचा अधिकार नसतो."

"रडायचा असतो. पुस्तकाच्या स्टॉलसमोर मूल आडवं पडलेलं तुम्ही बघितलंय का? मी बघितलंय. बापानं दोन प्रती घेतल्या."

ते हसले आणि मला उन्हाळ्यापर्यंतचा वेळ मिळाला. मकरंदराव घाईत असतात, पण माणूस चांगला. हस्तलिखित वाचून त्यांनी मला मेसेज पाठवला. त्यात फक्त एवढंच होतं, "बसूचं काय होतं ते आधी सांगायला हवं होतं. ऑफिसात डोळे पुसावे लागले."

गाढवीण शेवटी कुणाची झाली, ते मी इथं सांगणार नाही. माझ्या पोटावर पाय येईल.

'मिरची आणि बेल्ल' मे महिन्यात आलं. प्रकाशन धाराशिवला झालं. पहिल्या रांगेत डॉक्टर, चेअरमन आणि ताई होते. रशीद सरांनी सत्काराचं प्रकरण वाचून दाखवलं. कुणी उठून जातंय का म्हणून मी दाराकडंच बघत होते. पण आपल्या माणसांची एक गंमत आहे. डॉक्टर चेअरमनच्या वाक्याला हसले, चेअरमन ताईंच्या, ताई डॉक्टरांच्या. नंतर तिघांनीही मला वेगवेगळं गाठून सांगितलं, "त्या दोघांची मस्त जिरवली सरांनी." माने गुरुजी येऊ शकले नाहीत. गुडघा. पण पहिली प्रत सर स्वतः जळकोटला देऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींचा मला फोन आला. त्यांनी नमस्कारही केला नाही. "बाई, शिंगराचं नाव चुकीचं ठेवलं रशीदनं," म्हणाले आणि पुढचा अर्धा तास त्यावरच बोलले. माझ्या धंद्यात याहून मोठी पावती नाही. जे पुस्तक जिवंत असतं त्याच्याशीच माणूस भांडतो.

दुसरा भाग पहिल्याइतका चांगला आहे का? सगळे विचारतात. समीक्षक म्हणतात, पहिल्यात अवचितपणा होता, तो इथं नाही. त्यांचं बरोबर आहे. अवचितपणा दुसऱ्यांदा येत नसतो. जळकोटच्या एका शाळेत मी मुलांनाच विचारलं. वर्गाचे दोन तट पडले. मिरचीवाले म्हणाले, पहिला भारी. बेल्लवाले म्हणाले, "पहिल्यात नुसतं हसू येतंय, ह्याच्यात पोटात कायतर होतंय." शेवटच्या बाकावरच्या एकीनं उभं राहून विचारलं, "दोनी चांगले आसले तर चालत न्हाय का?" त्यावर इतका गोंधळ झाला की वर्गाच्या बाईंना घंटा द्यावी लागली. माझं स्वतःचं मत वाचायला पहिला आणि आठवायला दुसरा, असं आहे.

मकरंदरावांनी अर्थातच तिसरा भाग मागितला. रशीद सर म्हणाले, "न्हाय. आता त्यांना सुखानं ऱ्हाऊ द्या." सध्या ते एका विहीर खणणाऱ्या म्हातारीची गोष्ट लिहितायत. गाढव कुठंच नाही. चार प्रकरणं मी वाचली. मोठ्यानं वाचली. काकू मधेच खिडकीतून म्हणाल्या, "थांब, मी गॅस बंद करून येते."

या सगळ्यातून मी शिकले ते असं. पुस्तक गाजलं की लेखकाला मिळतात त्या शाली. त्या घरात पडद्याला वापराव्यात, लिहिताना अंगावर घेऊ नयेत. आणि लेखकाचा दुसरा भाग अडला तर संपादकानं टेबलावरून उठावं, गाडी काढावी आणि पुढं काय झालं हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचंय, अशा एका माणसापुढं लेखकाला नेऊन बसवावं. पेट्रोलचं बिल प्रकाशकाला लावावं.